शाळेत गिर्यारोहकाचे व्याख्यान ठरवताना

नाशिकमधील शाळेला गिर्यारोहक वक्ता शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. दर शनिवार-रविवारी अंजनेरी, रामशेज किंवा साल्हेरची वाट धरणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी हिमालयातही जाऊन आलेले असते, आणि विद्यार्थ्यांशी बोलायला ही मंडळी आनंदाने तयार होतात. अवघड असते ते व्याख्यान मुलांच्या मनात टिकवणे. त्यासाठी वक्त्याला शिखरापेक्षा माघारीविषयी अधिक बोलायला सांगावे आणि नंतर महिनाभराच्या आत मुलांना प्रत्यक्ष निसर्गात न्यावे, असे मी अनुभवाने सांगतो.

पहिल्या वेळी मी पाचवी ते दहावीची सगळी मुले मैदानावर एकत्र बसवली होती. उन्हामुळे पडद्यावरची छायाचित्रे दिसेनात, मागच्या रांगांत चुळबूळ सुरू झाली आणि शेवटी मोहिमेला किती पैसे लागतात, एवढा एकच प्रश्न विचारला गेला. तेव्हापासून एका वेळी दोनच तुकड्या, शक्यतो सातवी ते नववीच्या, एका खोलीत बसवतो. चाळीस मिनिटे बोलणे आणि तितकाच वेळ प्रश्नांना देतो. सत्कार, प्रास्ताविक आणि आभार पाच मिनिटांत आटोपावेत, कारण मुलांचे ताजे लक्ष त्यातच खर्ची पडते.

वक्त्याशी आठवडाभर आधी निवांत बसून बोलणे हा या तयारीतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आपण कोठून परत फिरलात, तो निर्णय कोणी घेतला, उतरताना मनात काय चालले होते आणि पुढच्या खेपेस तयारीत काय बदलले, हे चार प्रश्न मी आवर्जून विचारतो आणि व्याख्यानाचा निम्मा वेळ याच उत्तरांना द्यावा, अशी विनंती करतो. परीक्षेत मागे पडलेल्या किंवा संघातून वगळलेल्या मुलाला शिखरावरचा झेंडा दुरूनच दिसतो, पण परत फिरलेल्या माणसाची गोष्ट त्याला आपली वाटते. वक्ता संकोचत असेल तर मी अंटार्क्टिकाच्या मोहिमा काढणाऱ्या अर्नेस्ट शॅकल्टन या ब्रिटिश शोधप्रवाशाचे उदाहरण देतो. जानेवारी 1909 मध्ये दक्षिण ध्रुव सुमारे 180 किलोमीटरवर आला असताना, अन्न पुरणार नाही हे ओळखून तो तीन साथीदारांसह मागे वळला आणि चौघेही जिवंत परतले. पुढे 1915 मध्ये त्याचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज वेडेल समुद्रातील बर्फात चिरडले गेले, तरी त्या जहाजावरील सर्व 28 जण वाचले. चिवटपणा म्हणजे केवळ पुढे रेटत राहणे नव्हे, हे मुलांना यातून वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी व्हरांड्यात खडूने एक पट्टी आखावी आणि एक मीटर उंचीसाठी एक मिलिमीटर असे प्रमाण धरावे. कळसूबाईचे 1646 मीटर म्हणजे सुमारे एक मीटर पासष्ट सेंटिमीटर, साधारण मोठ्या माणसाच्या उंचीएवढे, होतात. एव्हरेस्टचे 8849 मीटर मात्र जवळजवळ नऊ मीटरपर्यंत जातात. त्या टोकाला श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांशच असतो, हे तेथे उभे राहून सांगितले की वर्गात प्रश्न आपोआप येतात. प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावेत, म्हणजे लाजरी मुलेही विचारतात. दोर, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी), बूट अशा वस्तू मुलांच्या हाती द्याव्यात.

सहलीचे ठिकाण ऋतू पाहून ठरवावे. पावसाळ्याच्या अखेरीस अंजनेरी उत्तम, कारण याच डोंगराचे नाव मिळालेली कंदीलपुष्पाची एक जात तेथे आढळते आणि कड्यांवर गिधाडे घरटी करतात; फूल तोडायचे नाही आणि कड्याखाली गोंगाट करायचा नाही, हे निघण्यापूर्वीच बजावावे. डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरला जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील हे पाणथळ क्षेत्र 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले, आणि हजारो किलोमीटर उडून आलेले स्थलांतरित पक्षी तेथे दुर्बिणीतून पाहिले की व्याख्यानातील प्रवासाची गोष्ट मुलांना पुन्हा आठवते. हरिहर किल्ल्याच्या उभ्या कातळपायऱ्यांचे आकर्षण मुलांना असतेच, पण शाळेच्या गटाला तेथे नेऊ नये, पावसाळ्यात तर मुळीच नाही. पालकांची लेखी संमती, वनविभागाचे नियम, प्रथमोपचार पेटी आणि दहा मुलांमागे एक मोठा माणूस यांत तडजोड करू नये. वाटेत एखादे मूल थकले तर त्याच्यासोबत एक शिक्षक थांबेल हे आधीच जाहीर करावे, म्हणजे त्याला संकोच वाटत नाही.

सहलीनंतर मुलांनी वहीत तीन नोंदी कराव्यात: काय पाहिले, कोठे भीती वाटली आणि तेव्हा कोणी मदत केली. दोन-तीन महिन्यांनी त्याच वक्त्याला पुन्हा बोलवावे, प्रवासखर्च आणि जमेल तेवढे मानधन द्यावे. मात्र या वेळी मुलांनी आपल्या नोंदी वाचून दाखवाव्यात आणि वक्त्याने समोर बसून ऐकावे.