मेसेज येतात, पण विक्री होत नाही? या चुका टाळा

सोशल मीडियावरची विक्री थंडावली की बहुतेक छोटे व्यावसायिक एकच कारण सांगतात: रीच, म्हणजे पोस्ट जितक्या लोकांपर्यंत पोचते तो आकडा, कमी झाला. मग रोज दोन पोस्ट, जास्तीचे रील्स, कुणीतरी सुचवलेले हॅशटॅग आणि शेवटी पैसे भरून पोस्टची जाहिरात करणारं ‘बूस्ट’चं बटण. हे सगळं करण्याआधी एक तास काढा आणि मागच्या महिन्याभरातले सगळे मेसेज ओळीने वाचा. इन्स्टाग्रामचे, फेसबुक पेजचे, व्हॉट्सॲपचे. प्रत्येक संभाषणात शेवटचा शब्द कुणाचा आहे, एवढंच बघा.

पुष्कळ ठिकाणी तो ग्राहकाचा निघतो. त्याने काहीतरी विचारलं आणि पुढे शांतता. गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि दुकानदार मात्र रस्त्यावर आरोळ्या देत फिरतोय, असा हा प्रकार. तो बघताना मला खरंच वाईट वाटतं, कारण पोस्ट बनवायला त्या माणसाने रात्री जागवलेल्या असतात.

काही मेसेज तर डोळ्यांसमोर येतच नाहीत. इन्स्टाग्रामवर तुम्ही ज्यांना फॉलो करत नाही, अशांचे मेसेज ‘रिक्वेस्ट्स’ या वेगळ्या कप्प्यात जाऊ शकतात. फेसबुकवरही काही मेसेज स्पॅममध्ये पडतात. नवा ग्राहक हा बहुधा अनोळखीच असतो, म्हणजे नेमका तोच त्या कप्प्यात अडकतो. मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) हिच्या ‘बिझनेस सूट’ या ॲपमध्ये फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम दोन्हींचे मेसेज एका जागी दिसतात. ते फोनवर घेऊन ठेवा आणि रिक्वेस्ट्सचा कप्पा दिवसातून दोनदा उघडा.

‘किमतीसाठी डीएम करा’

किंमत न लिहिता डीएम, म्हणजे खासगी मेसेज करायला सांगणं, ही सर्वांत महागडी सवय आहे. यामागची कारणं मला समजतात. स्पर्धकाला भाव कळू नये, आणि ग्राहक बोलायला लागला की त्याला पटवता येईल, असं वाटतं. पण स्पर्धकही मेसेज करून भाव विचारू शकतोच. आणि ग्राहकाच्या बाजूने विचार करा. किंमत विचारायची म्हणजे ओळख दाखवायची, उत्तराची वाट बघायची आणि परवडत नसेल तर समोरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं. एवढा संकोच सोसण्यापेक्षा तो पुढच्या पोस्टवर जातो.

प्रत्येक काम वेगळं म्हणून ठरावीक किंमत सांगता येत नाही, असं फोटोग्राफर, शिंपी, फर्निचर बनवणारे म्हणतात. ते खरंही आहे. मग ‘इतक्यापासून सुरू’ असं लिहा आणि भाव कशावर ठरतो ते सांगा: माप, कापड, किती तासांचं काम. कमेंटमध्ये कुणी किंमत विचारली तर तिथेच उत्तर द्या. ‘इनबॉक्स केलंय’ असं लिहिलंत की विचारणाऱ्या एकाला उत्तर मिळतं आणि तोच प्रश्न मनात घेऊन वाचणारे बाकीचे तसेच निघून जातात.

आता उलटी चूक. ‘किंमत?’ असा मेसेज आला आणि उत्तरात नुसता आकडा पाठवला. पुढे बोलायला ग्राहकाच्या हातात काही उरतच नाही. आकड्याबरोबर त्यात काय काय येतं ते एका ओळीत सांगा आणि सहज उत्तर देता येईल असा एक प्रश्न विचारा. कपाट बनवणाऱ्याने भिंतीची रुंदी विचारावी, शिकवणी घेणाऱ्याने सकाळची वेळ सोयीची की संध्याकाळची ते विचारावं. त्या उत्तरातून व्यवहार पुढे सरकतो.

‘विचार करून सांगतो’ म्हणणाऱ्याला दोन-तीन दिवसांनी एक मेसेज जरूर करा, पण ‘मग काय ठरलं?’ असा नको. तो तगादा वाटतो. त्याने विचारलेला रंग आला असेल, तसंच एखादं काम नुकतं पूर्ण झालं असेल, तर त्याचा फोटो पाठवा. त्यावरही उत्तर नाही आलं, तर थांबा.

हे सगळं एकट्या माणसाने कधी करायचं, हा प्रश्न रास्त आहे. व्हॉट्सॲप बिझनेस ॲप 2018 मध्ये आलं ते अशाच कामांसाठी. त्यात ‘क्विक रिप्लाय’ असतात: नेहमीचं उत्तर एकदा लिहून ठेवलं की तिरकी रेघ आणि एक छोटा शब्द टाइप करून ते समोर येतं. लेबलं असतात, त्यामुळे नवी ऑर्डर कोणती आणि पैसे कुणाकडून बाकी हे एका नजरेत कळतं. आणि ‘अवे मेसेज’, म्हणजे तुम्ही नसताना आपोआप जाणारं उत्तर, लावताना ‘लवकरच संपर्क करू’ असं मोघम लिहू नका, वेळ लिहा. संध्याकाळी सातनंतर उत्तर मिळेल हे कळलं, तर माणूस सातपर्यंत थांबतो.

व्हॉट्सॲपबद्दलच आणखी एक, ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा पाठवण्याचं. ‘ब्रॉडकास्ट पाठवतो पण कुणी बघत नाही’ ही तक्रार आली की मी आधी विचारतो, त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे का? नसेल तर ॲपच्या साध्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला मेसेज त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आणि अशा एका यादीत 256 नंबरच बसतात. म्हणून ऑर्डर देतानाच ग्राहकाला नंबर सेव्ह करायला सांगा. ही अडचण टाळायला सगळ्यांना न विचारता एका ग्रुपमध्ये कोंबणं तर अजिबात नको. त्यात प्रत्येक ग्राहकाचा नंबर बाकी सगळ्यांसमोर उघडा पडतो.

पैसे घालण्याआधी

बूस्ट करताना ध्येय निवडायला सांगतात, तिथे घाई होते. जाहिरातीची यंत्रणा तुम्ही मागाल ते शोधते. प्रतिसाद मागितला तर ती लाइक करणारे लोक शोधेल, मेसेज मागितले तर मेसेज करणारे. हजार लाइक आले आणि ऑर्डर एकही नाही, तर आधी निवडलेलं ध्येय तपासा.

दुसरं म्हणजे रोज सकाळी उठून जाहिरात बदलणं. मेटाच्या जाहिरातींना सुरुवातीचा शिकण्याचा काळ लागतो, आणि तो संपायला साधारण आठवड्याभरात 50 च्या आसपास अपेक्षित कृती घडाव्या लागतात. मोठा बदल केला की ही मोजणी पुन्हा सुरू होते. थोडे पैसे पाच जाहिरातींत वाटले तर पाचही अर्धवट राहतात. एकच चालवा. आणि ज्या पोस्टखाली लोकांनी आपणहून प्रश्न विचारले, तीच निवडा. पडून राहिलेल्या पोस्टला पैशांनी उभं करायला जाऊ नका.

घोडं कुठे अडतंय ते आकड्यांतूनही कळतं. पोस्ट पुष्कळांनी पाहिली पण प्रोफाइलवर कुणी आलं नाही, तर पहिली ओळ तपासा. कॅप्शनमध्ये 2,200 अक्षरं मावतात, पण उघडण्याआधी सुरुवातच दिसते, आणि तिथे ‘नमस्कार मंडळी’ लिहून ती जागा वाया जाते. प्रोफाइलवर येऊन लोक परत जात असतील, तर तुम्ही काय करता, कुठपर्यंत पोचवता आणि ऑर्डर कशी द्यायची हे तिथे लिहिलंय का ते बघा. नावाच्या रकान्यात व्यवसायाच्या नावाबरोबर कामाचा शब्दही घाला, तो शोधात सापडतो. कॅप्शनमध्ये लिंक टाकू नका, इन्स्टाग्रामवर ती दाबून उघडत नाही. बायोत किंवा स्टोरीच्या लिंक स्टिकरमध्ये द्या. विकतचे फॉलोअर घेऊ नका. ते कधी काही विकत घेत नाहीत आणि तुमचे आकडे वाचण्याजोगे ठेवत नाहीत.

4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद होते. ज्यांचे सगळे ग्राहक याच तीन ठिकाणी होते, त्यांना त्या वेळात ग्राहकांशी बोलायचा मार्गच नव्हता. खातं हॅक झालं तर हेच सहा तास सहा आठवडेही होऊ शकतात. ‘कॉपीराइटचा भंग झालाय, खातं बंद होईल, इथे लॉगिन करा’ अशा मेसेजमधली लिंक उघडू नका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (लॉगिनला पासवर्डखेरीज आणखी एक कोड) आजच चालू करा, पेजवर भरवशाच्या आणखी एका माणसाला ॲडमिन करा, आणि ज्यांनी आजवर खरेदी केली त्यांची नावं, नंबर आणि काय घेतलं याची नोंद ॲपच्या बाहेर, स्वतःच्या वहीत किंवा शीटमध्ये ठेवा.