जुन्या पिकअपमधून घरसामान न्यायचंय? आधी दोर बांधायला शिका

कळव्यात आमच्या दुकानासमोर २००८ सालची पिकअप उभी असते. पत्रा दोन ठिकाणी गंजलाय, ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्धीच खाली येते, पण इंजिन ठणठणीत आहे. त्यामुळे नात्यात किंवा सोसायटीत कुणाचंही घर हलायचं ठरलं की पहिला फोन मला येतो. खारघर, ऐरोली, घोडबंदर, दिवा, सगळीकडचं सामान या गाडीनं वाहिलंय. आणि दर वेळी सामान भरताना कुणीतरी काका नाहीतर मेहुणा शेजारी उभा राहून सांगतोच, ‘दोर करकचून आवळ, काही होत नाही.’ होतं. म्हणून हे लिहायला बसलो.

टायरची हवा, पाणी, ऑइल, पीयूसी, फिटनेस तुम्ही बघितलंय असं धरून चालतो. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं, तेवढं फक्त लक्षात ठेवा.

वजन

आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि मालासकट एकूण वजन दोन्ही असतात. वजाबाकी करा, तेवढाच माल. घरसामानानं ही मर्यादा सहसा ओलांडत नाही. ओलांडते ती लाद्यांच्या खोक्यांनी, वाळूच्या गोण्यांनी आणि पुस्तकांनी. शिक्षकाचं घर हलवायचं असेल तर दोन फेऱ्या धरा. जास्त वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर जादा टनामागे २,००० रुपये. माल ठरलेल्या हद्दीबाहेर बाजूला, मागे किंवा उंच गेला तरी २०,००० रुपयेच. पलंगाच्या फळ्या फाळक्याबाहेर, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराबाहेर, काढून त्यांना लाल फडकं बांधणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्यानं वाचावा. आणि हौद्यात, सामानावर माणसं बसवू नका. ‘कपाट धरून बसतो’ म्हणणारा भाचा प्रत्येक घरात असतो, त्याला रिक्षाचे पैसे द्या.

भरणं

जड ते खाली आणि केबिनला टेकून, हलकं वर आणि मागे. कपाट, फ्रीज, वॉशिंग मशीन पुढच्या भिंतीला अंगाला अंग लावून उभं करा. मध्ये चार बोटांची फट राहिली तरी ब्रेक मारल्यावर कपाट ती फट भरून काढणार आणि केबिनच्या जाळीवर आदळणार. फटींत गाद्या-उशा कोंबा. कपाटाची दारं केबिनकडे करा आणि चावी खिशात टाका.

सगळं वजन पार शेपटाला नेऊ नका. जुन्या गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, आधीच बसलेले असतात, मागचा भाग खाली जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पाण्यात फिरवल्यासारखं लागतं. रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो तो वेगळाच.

दोर

आता खरं काम.

काही वर्षांपूर्वी आत्याचं घर खारघरहून कळव्याला आणत होतो. दोर मी माझ्या मते उत्तम बांधला होता, इतका घट्ट की बोटानं दाबला तर तंबोऱ्यासारखा वाजत होता. ठाणे-बेलापूर रस्त्यानं घणसोली-तळवलीच्या पुलावर चढलो आणि आरशात काहीतरी पांढरं फडफडताना दिसलं. वरची गादी एका कडेनं उचलली गेली होती आणि तिच्याखाली दोर झोपाळ्यासारखा लोंबत होता. पूल उतरून गाडी बाजूला घेईपर्यंत कपाट एका अंगाला कललेलं. मागे मोटारसायकलवाला होता. गादी त्याच्या अंगावर गेली नाही, यात माझी काही कर्तबगारी नाही.

दोर ढिला बांधला नव्हता, तो ढिला झाला होता. निघताना माल जसा असतो तसा तीन किलोमीटरवर नसतो. गादी दबते, खोकी एकमेकांत बसतात, गोधड्यांची हवा निघते, आणि माल दोन बोटं जरी खाली बसला तरी दोराचा सगळा ताण जातो. त्यातून नायलॉन मुळातच ताणतो, ओला झाला की आणखी. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी चाळीसला जी गादी गप्प पडून असते तिला ऐंशीला चौपट धक्का बसतो. म्हणून खाली दिलेली गाठ शिका, आणि गाठ कितीही चांगली जमली तरी दोन-तीन किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. खारघरहून निघालात तर महामार्गाला लागायच्या आधीच. हा थांबा न घेणाऱ्याच्या गाडीमागे मी माझी गाडी ठेवत नाही.

दोर दहा-बारा मिलिमीटर जाडीचा घ्या. दुकानात मिळणारा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर स्वस्त असतो, पण गुळगुळीत, त्याच्यावर गाठ सरकते आणि उन्हात पडून तो वर्ष-दोन वर्षांत कुसळं सोडायला लागतो. कुसळं दिसली की तो दोर कपडे वाळत घालायला. काथ्याचा दोर पावसात फुगतो आणि गाठ अशी आवळते की सुरीच लागते. मी नायलॉनच वापरतो, वेणी घातलेला, आणि तो ताणतो हे गृहीत धरून चालतो. पट्टे आणि खटक्याचे रॅचेट असतील तर उत्तमच. पण लोक ते कपाटावर इतके आवळतात की पत्रा आत जातो, आणि मग दार लागत नाही म्हणून मला फोन येतो.

हौद्याच्या खालच्या कडेला हुक असतात. जुन्या गाडीत त्यातले दोन-तीन गंजून वेल्डिंगवर लटकत असतात. प्रत्येक हुकावर पाय देऊन जोर लावून बघा. हलला तर त्याला सोडून पुढचा धरा. वेल्डिंग करून घेऊ, उद्या बघू, असं मी पाच वर्षं म्हणतोय.

आता गाठ. दोराचं एक टोक डाव्या हुकाला दोन वेढे देऊन बांधा. दोर मालावरून उजवीकडे टाका. कपाटाच्या धारदार कडेवर जिथे दोर टेकेल तिथे पुठ्ठा किंवा दुमडलेलं गोणपाट घाला, नाहीतर कड दोर कापते आणि दोर कपाटाचा रंग खरवडतो. उजव्या बाजूला, हुकाच्या हातभर वर, दोराला एक आंटा द्या म्हणजे छोटं कडं तयार होईल. त्या कड्यातून दोराची दुमड ओढून घ्या, की झाला फास. मग मोकळं टोक खाली हुकाखालून घेऊन वर आणा, फासातून ओवा आणि खाली खेचा. फास कप्पीचं काम करतो. हिशेबानं तिप्पट ओढ मिळायला हवी, पण दोर दोरावर घासतो, त्यामुळे प्रत्यक्षात दुपटीच्याही आतच. तेवढी भरपूर होते, माझ्या साठीतल्या वडिलांनीही याच गाठीनं कपाट जागच्या जागी बसवलंय.

चूक कुठे होते, तर दुमड कुठल्या बाजूनं घ्यायची यात. माझं वर्षभर हेच चुकत होतं. मी दुमड वरच्या दोरातून, म्हणजे मालाकडून येणाऱ्या भागातून ओढायचो. हातात धरून बघितलं तर फास अगदी बरोबर दिसतो. पण ताण आला की वरचा दोर तो फास गिळायला लागतो, फास बारीक होत जातो आणि शेवटी त्याची निरगाठ होऊन बसते. सोडायला दात, स्क्रूड्रायव्हर, सगळं करून झालं की सुरी. असे दोन चांगले दोर मी तुकडे करून टाकले.

ही चूक पकडली वाशीच्या मार्केटमध्ये. कांदा-बटाटा मार्केटबाहेर माझी गाठ सोडवण्याची झटापट एक माथाडी काका बघत उभे होते, जावळीकडचे. थोडा वेळ बघून म्हणाले, ‘फास उलटा घेतलाय तुम्ही. माल ओढतो तो दोर आत घेऊ नका. तुमच्या हातातला घ्या.’ एवढंच. दुमड खालच्या बाजूनं, म्हणजे हुकाकडे जाणाऱ्या मोकळ्या भागातून घ्यायची. मग माल जितका ओढेल तितका आंटा फासाच्या गळ्याशी आवळत जातो आणि फास उघडाच राहतो. माल उतरल्यावर मोकळं टोक ओढलं की सगळं सुटतं.

घरी खुर्चीच्या पायाला बांधून दहा वेळा करून बघा, दोन्ही बाजूंनी. बोटांना फरक कळेल. चुकीचा फास ओढताना हळूहळू मिटत जातो, बरोबरचा जागेवर थांबतो.

ओढून झालं की फासाजवळ दोर अंगठ्यानं दाबून धरा. इथे सोडलात तर सगळी मेहनत परत. मग त्याखाली दोन अर्ध्या गाठी मारा, दुसरी सुरगाठ, म्हणजे टोक ओढून सुटेल अशी. अंगठ्याला पहिल्या वेळी चटका बसतो, हातमोजे घाला. मी घालत नाही, म्हणून माझ्या अंगठ्याची कातडी अशी आहे. फास दर वेळी दोराच्या त्याच जागी घेऊ नका, घासून तिथलाच भाग झिजतो.

असे किमान तीन दोर आडवे बांधा आणि मागच्या बाजूला एक फुली. एकच लांब दोर नागमोडी फिरवू नका. एका ठिकाणी सुटला की सगळीकडे सुटतो.

पाऊस

जून ते सप्टेंबर ताडपत्री हवीच. पुढची कड केबिन आणि मालाच्या मधे खाली खोचा, नाहीतर वारा पुढून शिरतो आणि ताडपत्रीचं शीड होतं. दोन तुकडे जोडायचे असतील तर पुढचा तुकडा मागच्यावर आला पाहिजे. फ्रीजवर वेगळं प्लास्टिक घाला. पावसात आवळण्यासाठी दोनदा थांबा.

चालवणं

मुंब्रा बायपासला ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. खड्ड्यातून जाताना आरशात माल बघा. बाकी काही नाही.

उतरवणं

फाळका उघडताना समोर उभे राहू नका, बाजूला राहा. वाटेत काय सरकलंय ते आत दिसत नाही. पहिला दोर मागचा सोडा, पुढचे शेवटी. फ्रीज आडवा आणला असेल तर चार-पाच तास उभा ठेवून मगच चालू करा, कॉम्प्रेसरचं तेल जागेवर यावं लागतं. आत्याला हे तीनदा सांगूनही तिनं चहाच्या दुधासाठी अर्ध्या तासात बटण दाबलं होतं. दोर ओला असेल तर रात्रभर गॅलरीत टाका आणि गाठी सोडूनच गुंडाळा.