टर्बाइनच्या पात्यांवरील उष्णतारोधक लेपाच्या तपासणीपूर्वीची तयारी

गॅस टर्बाइनच्या पहिल्या टप्प्यातील पाती बोअरस्कोपने (यंत्र न उघडता छिद्रातून आत पाहण्याच्या बारीक कॅमेऱ्याने) पाहायची ठरली की बहुतेकांचे लक्ष आधी उपकरणाकडे जाते. तयारीची खरी सुरुवात मात्र नोंदवहीपासून करावी. मागील तपासणीनंतर यंत्र किती तास चालले, किती वेळा सुरू झाले, भारावर असताना किती वेळा ट्रिप झाले (एकाएकी बंद पडले) आणि मधल्या काळात इंधन बदलले का, एवढे एका कागदावर उतरवून घ्यावे. तास मोजायचे ते बाँड कोटवर (सिरॅमिक लेप पात्याला धरून ठेवणाऱ्या धातूच्या थरावर) सावकाश जाड होत जाणाऱ्या ॲल्युमिनाच्या, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या, थरासाठी, कारण हा थर काही मायक्रॉन जाडीचा झाला की वरचा सिरॅमिक लेप सुटू लागतो. सुरू-बंदच्या खेपा मोजायच्या त्या झिरकोनियाचा (झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा) हा सिरॅमिक लेप आणि खालचा निकेलचा मिश्रधातू यांचे प्रसरण सारखे नसल्यामुळे दर खेपेस पडणाऱ्या ताणासाठी. ट्रिपची नोंद वेगळी ठेवावी, कारण एकाएकी थंड होणे लेपाला सर्वांत जाचक ठरते.

त्यानंतर पात्यावरील लेप कोणत्या पद्धतीने दिला आहे, हे निर्मात्याच्या कागदांवरून निश्चित करावे. प्लाझ्मा फवारणीच्या लेपात चीर बहुधा सिरॅमिकमध्येच, बाँड कोटच्या थोडी वरून धावते आणि पोपडा निघालेल्या जागी पांढरट अवशेष राहतो. इलेक्ट्रॉन किरणाने बाष्प करून बसवलेल्या स्तंभाकार लेपात ती बहुधा ॲल्युमिनाच्या सांध्यालगत धावते आणि जागा करडी, उघडी दिसते. ही माहिती हाताशी नसेल, तर एकाच रंगाच्या डागाचे दोन तपासनीस दोन अर्थ लावतील.

इंधन आणि हवा यांबाबत अधिक बारकाईने चौकशी करावी. जड तेलातील व्हॅनेडियम हा झिरकोनियाला स्थिर ठेवणारा इट्रिया (इट्रियमचा ऑक्साइड) ओढून घेतो. मग थंड होताना झिरकोनियाची स्फटिकरचना बदलते, आकारमान सुमारे ४ ते ५ टक्क्यांनी वाढते आणि लेप आतूनच फुटतो. हवेतून आलेली धूळ किंवा ज्वालामुखीची राख यांतील कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, लेपाच्या छिद्रांत झिरपते आणि तेथेच गोठते. ताण सोसण्यासाठी मुद्दाम ठेवलेली लवचीकता त्यामुळे नाहीशी होते. म्हणून यंत्र बंद होताच धुऊन घेण्याची घाई आवरावी. पात्यांवरील साका आहे त्या स्थितीत टिपावा, हात पोहोचेल तेथून तो थोडा खरवडून, जागेची नोंद करून बाटलीत ठेवावा; एकदा पाणी फिरले की लेप कशाने गेला याचा निम्मा पुरावा वाहून जातो. शिवाय ताणाखाली असलेल्या लेपाला ओलावा मानवत नाही.

सुरक्षेच्या बाबी सर्वांना ठाऊक असतात, म्हणूनच त्या गृहीत धरल्या जातात. इंधन व प्रज्वलन यांच्याबरोबर आवरणातील कार्बन डायऑक्साइडची अग्निशमन व्यवस्थाही कुलूपबंद झाली आहे, हे स्वतः पाहावे. रोटर फिरवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा आणि बोअरस्कोपच्या प्रोबची (आत जाणाऱ्या टोकाची) तापमानमर्यादा पाहूनच तो आत सोडावा.

पात्यांची मोजणी कोठून सुरू होते, हे प्रोब आत जाण्यापूर्वीच ठरवावे. मागच्या अहवालात सतराव्या पात्याची धार उघडी पडल्याचे लिहिले असेल, पण पहिले पाते कोणते हे लिहिले नसेल, तर तो अहवाल तुलनेसाठी निरुपयोगी होय. प्रत्येक पात्याचे पुढची धार, टोक, प्लॅटफॉर्म (पात्याच्या बुडाचा सपाट भाग) आणि थंड हवेच्या छिद्रांची रांग असे भाग पाडलेला कोरा नकाशा छापून घ्यावा. मोजमापाची अचूकता प्रमाणित ठोकळ्यावर त्याच दिवशी पडताळावी. पांढऱ्या लेपावर उजेड जास्त झाला तर बारीक चिरा दिसतच नाहीत, तेव्हा दिव्याची तीव्रताही आधीच आजमावून ठेवावी.

कोणत्या भागात किती क्षेत्रफळाचा पोपडा निर्मात्याला मान्य आहे, याची मर्यादा चित्रे पाहण्यापूर्वी लिहून त्यावर सह्या घ्याव्यात. पाते डोळ्यांसमोर आल्यावर मर्यादा ठरवली, तर ती यंत्र पुन्हा लवकर सुरू करण्याच्या निकडीप्रमाणे सैल होते. छिद्रांजवळील लहान पोपड्याला टोकाच्या मोठ्या पोपड्यापेक्षा कमी लेखू नये. सुटलेल्या किंवा वितळलेल्या द्रव्याने छिद्र बुजले, तर लेप आणि गारवा ही दोन्ही संरक्षणे एकाच जागी जातात.

वेळापत्रकात दुसऱ्या फेरीसाठी जागा ठेवावी, कारण लेप कधीकधी यंत्र थंड झाल्यानंतर काही तासांनीही सुटतो. प्रत्येक चित्रावर वेळ उमटेल असे पाहावे आणि पहिल्या फेरीनंतर लगेच बोअरस्कोप आत सोडण्याच्या छिद्रांची बुचे कायमची बसवू नयेत. बुचे किती काढली व किती परत बसली, ही मोजणी मात्र दोघांनी स्वतंत्रपणे करावी.