बिअरसाठी माल्ट भरडायची गिरणी: फट, ब्रश आणि बाकीचं

पहिलं सांगतो: घरघंटी नको, मिक्सर तर मुळीच नको. बिअरला माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवासारख्या धान्याचं, पीठ नाही, भरड लागते. दाणा आतून फुटला पाहिजे आणि साल जमेल तेवढी अख्खी राहिली पाहिजे, कारण पुढे मॅशमधून, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या भरडीतून, रस गाळताना सालींचा थरच गाळणीचं काम करतो. पीठ पडलं की तळाशी लगदा बसतो आणि नळाची धार बंद. सालीचा भुगा झाला तर वर तुरटपणाही येतो.

मी लेस्टरला गॅरेजमध्ये दोन रोलरची गिरणी वापरतो. (इंग्लंडमध्ये स्वतःपुरती बिअर करायला १९६३पासून परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात हा उद्योग करू नका, दारूबंदी कायद्यात सापडाल.)

सगळी गंमत दोन रोलरमधल्या फटीत आहे. जवाच्या माल्टला १ मिमीपासून सुरुवात करा. डोळ्यांवर भरवसा नको, गॅरेजवाल्यांकडचं फिलर गेज (फट मापायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) घ्या आणि दोन्ही टोकांना मापा. एक टोक सैल राहिलं तर त्या बाजूने अख्खे दाणे खाली येतात. मूठभर भरडून ताटात पसरा, अख्खे दाणे दिसले तर फट किंचित कमी करा. गव्हाचा दाणा बारीक नि टणक, त्याला ०.८ मिमी लावून वेगळा भरडा.

माझी आवडती युक्ती: ५ किलो माल्टवर १०० मिली पाणी फवारायचं, हाताने कालवायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. साल लवचीक होते, तुटत नाही.

गिरणी फिरवायला ड्रिल लावत असाल तर हळू, मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे पुरे. आधी ड्रिल चालू करा, मग दाणे ओता. उलट केलंत तर रोलर अडकतात. धूळ खूप उडते आणि तिच्यावर बिअर आंबट करून नासवणारे जिवाणू असतात, त्यामुळे बिअर मुरत ठेवलेल्या खोलीत गिरणी नको. मास्क लावा.

नव्या गिरणीत कारखान्याचं तेल असतं, तेव्हा पहिलं अर्धा किलो माल्ट भरडून फेकून द्या. पुढे दर वेळी कडक ब्रशने रोलरवरच्या खाचा झाडायच्या, बस. पाण्याने धुऊ नका, साधं पोलाद गंजतं. ओलवलेलं माल्ट भरडलं असेल तर शेवटी मूठभर कोरडं फिरवा. दुसरा, म्हणजे ड्रिल न जोडलेला, रोलर फिरेनासा झाला, तर बहुतेक वेळा बुशमध्ये (रोलरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्यात) पीठ भरलेलं असतं: काढा, पुसा, खाद्य दर्जाच्या तेलाचा एक थेंब सोडा. ड्रिलच्या थरथरीने स्क्रूही ढिले होतात. म्हणून फट दर खेपेला नव्याने मापायची, मागच्या वेळी बरोबर होती म्हणून सोडून द्यायची नाही.