सारायेवोत स्वस्तात राहायचंय? मग आधी चढ बघा

युरोप म्हटलं की आपल्याकडं पॅरिस-स्वित्झर्लंडचं पॅकेजच डोळ्यापुढं येतंय, पण ज्यांना स्वतःचं स्वतः फिरायचंय आणि खिसाही सांभाळायचाय त्यांनी एकदा बाल्कनकडं, म्हणजे युरोपच्या आग्नेय कोपऱ्याकडं बघा, त्यातही बोस्नियाची राजधानी सारायेवो. तुर्कांनी पंधराव्या शतकात वसवलेलं शहर, नंतर ऑस्ट्रियाची सत्ता आली, 28 जून 1914 ला इथंच लॅटिन पुलापाशी ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडला गोळी घातली आणि त्यातनं पहिलं महायुद्ध पेटलं, 1984 ला हिवाळी ऑलिंपिक झालं, आणि 1992 ते 1996 बोस्नियाच्या युद्धातला शहराला बोस्नियन सर्ब फौजांचा वेढा. हे सगळं एका दरीत, चालत बघता येईल एवढ्या जागेत. राहायला स्वस्त हॉटेलं भरपूर आहेत, फक्त त्यातलं कुठलं घ्यायचं आणि घेतल्यावर तिथं कसं राहायचं हे सोलापुरातनं निघणाऱ्या माणसाला कुणी सांगत नाही म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय.

पहिली गोष्ट व्हिसा, कारण रूम त्याच्यानंतर. तुमच्याकडं शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) मल्टिपल एंट्री व्हिसा असेल आणि तो चालू असेल तर बोस्नियात वेगळा व्हिसा न काढता काही दिवस राहता येतं, नसेल तर दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीकडून काढावा लागतो. नियम बदलत असतात त्यामुळं तिकीट काढायच्या आधी वकिलातीला ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या आणि ते फोनमध्ये ठेवा. शेजारच्या सर्बियाला पूर्वी आपल्याला व्हिसा लागत नव्हता, ती सोय 2023 पासून बंद झालीय, जुने यूट्यूब व्हिडिओ बघून बेलग्रेडचं तिकीट काढू नका. इस्तंबूलवरून जाणार असाल तर मुंबई ते सारायेवो एकाच तिकिटावर काढा, दोन वेगळी तिकिटं घेतली की इस्तंबूलला बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं आणि बाहेर यायला तुर्कस्तानचा व्हिसा, म्हणजे वाचवलेले चार पैसे तिथंच गेले. रूम मात्र फ्री कॅन्सलेशनवालीच बुक करा, व्हिसा हातात येईपर्यंत.

आता मुद्द्याचं. सोलापूर सपाट आहे ओ, आपल्याला अंतर कळतंय, चढ कळत नाही. सारायेवोचा जुना बाजार म्हणजे बाशचार्शिया हा दरीच्या तळाला मिल्यात्स्का नदीकाठी आहे आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी डोंगर चढत गेलेत, त्या डोंगरांवर जुन्या वस्त्या, व्रातनिक, कोवाची, बिस्त्रिक, आलिफाकोवात्स अशा. बजेट हॉटेलं आणि घरगुती लॉज बरीचशी तिथंच. अॅपवर लिहिलेलं असतं बाजारापासून चारशे मीटर, आणि ते खोटं नसतंय, फक्त ते चारशे मीटर छपरावर चढल्यासारखे असतात, खाली दगडी फरशी, पावसात निसरडी, हिवाळ्यात बर्फ, आणि तुमच्या हातात वीस किलोची चाकाची बॅग. म्हणून स्टार बघू नका, फोटो तर अजिबात बघू नका, आधी नकाशात चालत जायचा रस्ता टाकून चढ किती दाखवतोय ते बघा, मग स्ट्रीट व्ह्यूमध्ये त्या गल्लीत जाऊन बघा पायऱ्या आहेत का, आणि मग रिव्ह्यूमध्ये 'स्टीप', 'हिल', 'स्टेअर्स' हे शब्द शोधा. तीन जणांनी लिहिलं असेल की 'व्ह्यू ब्युटिफुल पण चढ आहे' तर समजा चढच आहे. तरण्या पोरांनी खुशाल वर राहावं, सकाळी खिडकी उघडली की लाल कौलं आणि मिनारच मिनार, आणि भाडंही कमी. आई-वडलांना घेऊन जाणार असाल तर मात्र खालीच, बाशचार्शिया किंवा तिथनं पश्चिमेला जाणारा फेरहादिया हा पायी रस्ता, त्याच्या आजूबाजूला. थोडं लांब चालत असेल तर मारियिन द्वोर भागात बघा, तिथं ट्राम आहे आणि जमीन सपाट. आणखी स्वस्त हवं असेल तर शहराच्या पार टोकाला इलिजा, तिथनं तीन नंबरची ट्राम थेट बाशचार्शियाला आणून सोडते, वेळ जातो पण रात्री शांत झोप मिळते. ट्रामचं तिकीट शक्यतो स्टॉपजवळच्या टपरीवर आधीच घ्या आणि आत चढल्याबरोबर मशिनमध्ये टाका, तिकीट खिशात असून मशिनमध्ये न टाकलेला माणूस तपासनिसाला विनातिकीटच वाटतो.

पाट्यांवर हॉटेल सोडून बरंच काही लिहिलेलं असतं. पान्सिओन म्हणजे घरगुती लॉज, प्रेनोचिश्ते म्हणजे नुसतं रात्रीपुरतं झोपायची सोय, सोबे म्हणजे रूम भाड्यानं मिळेल. माझं मत विचाराल तर मोठ्या हॉस्टेलपेक्षा घरगुती पान्सिओन बरं, मालकीणबाई स्वतः असतात, काही अडलं तर फोन करून देतात, आणि खाली त्यांचंच घर असल्यामुळं दंगा नसतो. ऑगस्टमध्ये सारायेवो फिल्म फेस्टिव्हल असतं, तेव्हा रूमचे भाव चढतात आणि चांगल्या स्वस्त जागा आधीच संपतात, तो काळ टाळा. मे-जून नाहीतर सप्टेंबर बेस्ट. डिसेंबर-जानेवारीत बर्फाचे फोटो छान येतात खरं पण दरीत धूर-धुकं साचून राहतंय, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी जाऊच नये.

बुक करायच्या आधी मालकाला मेसेज टाका आणि हे सगळं एकदाच विचारून घ्या, की रूम कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का (बहुतेक नसते), हिवाळ्यात हीटिंग रात्रभर चालू असतं का ठरावीक वेळच, उन्हाळ्यात एसी नाहीतर निदान पंखा आहे का, पंखा आपल्याला छताला दिसला नाही की जीव कासावीस होतो, तिथं छताला पंखा हा प्रकारच नसतो. सिगारेटच्या वासाचं पण विचारा, बाल्कनमध्ये लोक लई ओढतात. भाड्यात सिटी टॅक्स धरलाय का वेगळा, तो माणशी रात्रीमागं थोडासाच असतो पण निघताना कॅश मागितला की उगीच वाद. आणि एअरपोर्टवरून टॅक्सी त्यांनाच सांगायला लावा, भाडं आधी मेसेजमध्ये ठरवून, बाहेर उभ्या असलेल्यांशी घासाघीस करायला आपल्याला भाषा येत नाही.

पैसे. तिथं युरो नाही, त्यांचं स्वतःचं चलन आहे, कन्व्हर्टिबल मार्क, लिहिताना केएम. एका युरोला 1.95583 मार्क असा भाव कायमचा बांधलेला आहे, म्हणजे मनात निम्मं करायचं, वीस मार्क म्हणजे साधारण दहा युरो, हिशोब सोपा. मुंबईत मार्क मिळायच्या नादी लागू नका, युरो घेऊन जा आणि तिथं बदला, किंवा एटीएममधून काढा, आणि एटीएमनं विचारलं की रुपयात कापू का तर नाही म्हणा, लोकल करन्सीच निवडा, नाहीतर वाईट रेट लागतो. यूपीआय विसरा. बाजारातल्या छोट्या दुकानांत आणि बऱ्याच पान्सिओनांत कॅशच चालते.

चेक-इनला पासपोर्ट मागतील, तो द्यायचा, त्यांनी स्कॅन केला की लगेच परत घ्यायचा, काउंटरवर ठेवून वर जायचं नाही. परदेशी माणसाची नोंद पोलिसांकडं करायची जबाबदारी जागेच्या मालकाची असते आणि नोंदीचा कागद मिळतो, त्याला बियेली कार्टोन म्हणतात. हॉटेलवाले आपसूक करतात पण एखाद्या अपार्टमेंटमध्ये राहणार असाल तर मालकाला आठवण करून द्या, कागद मागून घ्या आणि देश सोडेपर्यंत जपून ठेवा.

घरगुती जागा असेल तर दारातच बूट काढायचे, आपल्याला हे सांगायला नको, घालायला ते स्लीपर देतात. बाथरूमचं मात्र नीट ऐका. बादली-मग नसतो. शॉवरच्या काचेच्या आतच काय ते पाणी, बाहेरच्या फरशीला बऱ्याचदा जाळीच नसते, त्यामुळं आपल्यासारखं भसाभसा पाणी ओतलं तर ते सरळ रूममधल्या लाकडी फरशीवर जातंय आणि मालकीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो. सोबत एक प्लास्टिकचा मग न्याच. गरम पाण्याला छोटा बॉयलर असतो, चार जणांनी पाठोपाठ आंघोळ केली तर चौथ्याला गार, बायका-पोरांना आधी सोडा. नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं, शहरभर पाणपोया आहेत, बाशचार्शियाच्या चौकातलं लाकडी सेबिल तर सगळ्या फोटोत असतं. चार-चार दिवसाआड नळाची वाट बघणाऱ्या आपल्या माणसाला चोवीस तास वाहणारं पाणी बघून पहिल्या दिवशी बाटल्या भरून ठेवायचा मोह होतोच, भरू नका बे, उद्या पण येणार आहे. आणि दोन खिडक्या समोरासमोर उघड्या टाकू नका, वारा आरपार लागला की माणूस आजारी पडतो अशी तिथल्या लोकांची पक्की समजूत, मालकीणबाई येऊन एक बंद करून जातील.

चार्जरचं, आपली बारीक दोन पिनवाली पिन तिथं बसते, व्होल्टेजही सारखंच, तीन पिनवाल्या लॅपटॉपला अॅडॅप्टर लागतो. बोस्निया युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळं युरोपचं रोमिंग पॅक घेताना यादीत बोस्नियाचं नाव आहे का वाचून घ्या.

खायचं. इथं शाकाहारी माणसाची खरी परीक्षा, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. बुरेक-पिटाच्या दुकानाला बुरेग्जिनित्सा म्हणतात, तिथं पिटा नावाचा पदरापदराचा गोल गुंडाळलेला प्रकार वजनावर मिळतो. त्यात बुरेक म्हणजे फक्त मांसाचा, म्हणून शाकाहारी लोकांनी काउंटरवर बुरेक मागायचाच नाही. सिर्नित्सा मागा, ती चीजची, झेल्यानित्सा पालक-चीजची, क्रोंपिरुशा बटाट्याची. क्रोंपिरुशात मिरी असते पण आपल्या जिभेला ते काहीच नाही, म्हणून शेंगाचटणीची पुडी खिशात पाहिजेच, आणि कडक भाकरी नेली असेल तर ती आयवार म्हणजे भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीची चटणी असते तिच्यासोबत लावा, काइमाक नावाची घट्ट सायही मिळते, तिच्यासोबत तर क्या बात. चटणी-भाकरी चेक-इन बॅगेत, नीट सील करून. मांस खाणाऱ्यांसाठी, इथली प्रसिद्ध चेवापी (खिम्याचे भाजलेले छोटे लांबट तुकडे) बहुतेक गोमांसाची असते, ज्यांना चालत नाही त्यांनी गोवेदिना आणि तेलेतिना हे दोन शब्द मेनूवर ओळखून ठेवा, पहिलं गाईचं दुसरं वासराचं, पिलेतिना म्हणजे चिकन. सांगताना 'बेझ मेसा' म्हणजे मांसाशिवाय, तरी सूप कशाच्या पाण्यात केलंय ते परत विचारा. हॉटेलच्या नाश्त्याला ब्रेड, अंडी, चीज, टोमॅटो-काकडी, मध असं असतं, शेजारच्या ताटलीतलं लालसर कापलेलं ते मांसच. शेअर्ड किचन असेल तर पोहे-उपमा जरूर करा पण फोडणी देताना खिडकी उघडा आणि आधी विचारा, मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजू शकतो.

कॉफी मात्र बसून प्यायची. तांब्याच्या ताटलीत जेझ्वा म्हणजे दांड्याचं कॉफीचं भांडं, छोटा कप, साखरेचा खडा आणि एक राहत लोकुम नावाची मऊ मिठाई, घाईत उभ्यानं प्यायला गेलात तर सगळे बघतात. जागा म्हणाल तर मोरिचा हानच्या अंगणात बसा, ही तुर्की काळातली सराई, एकावेळी तीनशे प्रवासी आणि सत्तर घोडे राहायचे म्हणतात. म्हणजे बजेट हॉटेलचा धंदा या गावात काल सुरू झालेला नाही. तिथनं जवळच गाझी हुसरेव-बेग मशीद, 1531 ची, आणि शेजारी घड्याळाचा मनोरा. ते घड्याळ सूर्यास्ताला बारा दाखवतं, त्याच्यावर बघून बस पकडायला जाऊ नका.

वेढ्याबद्दल एक. मालक चाळिशीच्या पुढचा असेल तर त्यानं ते बघितलेलं असणार, नाश्त्याच्या टेबलावर आपणहून युद्धाचं काढू नये, त्यांनी काढलं तर ऐकावं. फुटपाथवर जिथं तोफगोळे पडून माणसं गेली तिथले खड्डे लाल रंगानं भरलेत, त्याच्यावर पाय ठेवून सेल्फी काढणारे बघितले की लाज वाटते. वर त्रेबेविच डोंगरावर रोपवेनं जा, 2018 ला परत सुरू झाला, ऑलिंपिकच्या बॉबस्लेची (बर्फावरच्या घसरगाडीची) पडीक धाव तिथंच आहे, पण मळलेली वाट सोडून झाडीत शिरू नका, बोस्नियाच्या डोंगरांत भूसुरुंग अजून पूर्ण निघालेले नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी तिकिटावर बस कुठल्या स्टँडवरनं आहे ते मालकाला दाखवा, सर्बिया-माँटेनेग्रोकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या मेन स्टँडवरून न सुटता लुकावित्साच्या पूर्व सारायेवो स्टँडवरून सुटतात आणि तो गावाच्या दुसऱ्या टोकाला. चेकआउट सकाळीच असतं पण बॅग ठेवून घेतात. उरलेले मार्क तिथंच युरोत बदलून टाका, मुंबईत उतरून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सोलापूर गाठेपर्यंत कुणीही ते घेणार नाही, आणि बदलण्याइतके उरले नसतील तर वाटेत शेवटची सिर्नित्सा घ्या, गरम असताना.