विहिरीच्या भिंतीवर लाव्हाचे थर कसे वाचायचे

सोलापूर भागात ज्वालामुखीचा डोंगर शोधू नका, सापडणार नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला आणि थरावर थर पसरला. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या खोल बोअरमध्ये हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड, सुमारे ३३८ मीटर जाड निघाला.

हे थर बघायला नवी, न बांधलेली विहीर किंवा रस्त्यासाठी कापलेली दरड उत्तम. सोबत दहापट भिंग, हातोडी, चष्मा, चाकू, टेप आणि पाणी घ्या. विहिरीत उतरू नका, काठावरून समोरची भिंत बघा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आटपा.

वाचन खालून वर. थराच्या तळाशी कधी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. थिजत्या लाव्हातला वायू वर चढताना त्या राहतात. मधला भाग घट्ट काळा पाषाण, उभ्या भेगांचा. माथ्याकडे बुडबुड्यांची भोकं वाढत जातात आणि त्यांत पांढरे दाणे भरलेले असतात. हा मांजऱ्या. त्यावर तांबडा गेरू आला तर तो थर संपला. लाव्हा थंड होऊन उघडा पडला, झिजला, त्याची माती झाली, मग पुढच्या लाव्हाने ती झाकली.

मोजताना घोळ इथेच होतो. मीटर-दोन मीटरचे फुगवटे एकमेकांवर चढलेले दिसले की लोक प्रत्येकाला वेगळा उद्रेक धरतात. मध्ये गेरू किंवा झिजलेला माथा नसेल तर ती बहुधा एकाच लाव्हाची बोटं असतात. मुरमातले कांद्यासारखे सोलणारे गोलही नदीचे गोटे नव्हेत. भेगांतून पाणी शिरून दगड कोपऱ्यांपासून कुजतो आणि गोल होत जातो.

पांढरा दाणा चाकूने खरवडा. ओरखडा उठला नाही आणि दाण्यावर पात्याचीच करडी रेघ राहिली, तर गारगोटी. भुगा निघाला तर त्यावर लिंबू पिळा: बारीक फेस आला तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, नाही आला तर बहुधा झिओलाइट, हे या भोकांत वाढणारं दुसरं खनिज. फेस भिंगातूनच बघा, नुसत्या डोळ्यांनी हुकतो. आणि लिंबू ताजं घ्या, रसवंतीवरचं उरलेलं नको.