परदेशात व्यवसाय किंवा गुंतवणूक करताना परक्या नागरिकाने या चुका टाळाव्यात

परदेशात कंपनी नोंदवणे आता इतके सोपे झाले आहे की बहुतेक चुकांची सुरुवात त्या सोपेपणातूनच होते. एस्टोनियाने डिसेंबर २०१४ मध्ये ई-रेसिडेन्सी योजना सुरू केली आणि त्या देशात वास्तव्य न करताही तिथली कंपनी काढण्याची आणि चालवण्याची सोय झाली. अमेरिकेत एलएलसी (मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी) नोंदवताना मालकाच्या नागरिकत्वाची अट सहसा आड येत नाही. नोंदणीचा दाखला ई-मेलने येतो आणि तो हाती पडला की त्या देशाने आपल्याला स्वीकारले, असा समज होतो. त्या दाखल्याने सिद्ध होते ते इतकेच, की तिथल्या निबंधकाच्या दप्तरात एका नव्या कंपनीची भर पडली. त्या कंपनीची मालकी तुम्ही किती टक्के ठेवू शकता, तिथे राहून तिचे काम स्वतः करू शकता का, नफ्यावर कोणता देश कर घेणार आणि तो नफा देशाबाहेर नेता येईल का, हे चार प्रश्न चार वेगवेगळ्या खात्यांच्या अखत्यारीत येतात. एका खात्याचा होकार दुसऱ्यावर बंधनकारक नसतो. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतील बहुतेक चुकांच्या मुळाशी हीच गल्लत आढळेल.

कंपनी आहे, म्हणजे काम करता येईल असे मानणे

भागधारक असणे आणि त्या देशात काम करणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. पर्यटक म्हणून किंवा अल्पमुदतीच्या व्यवसायभेटीसाठी गेलेल्या व्यक्तीला बैठकीला बसणे, जागा पाहणे, करारावर सही करणे इतपत मुभा बहुतेक ठिकाणी असते. पण स्वतःच्याच दुकानाच्या गल्ल्यावर बसणे हे वर्क परमिटशिवाय केलेले काम ठरू शकते. ‘कंपनी माझीच आहे, मी पगार घेत नाही’ हा बचाव सहसा चालत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक क्रमाची असते. आधी जागेचा पाच वर्षांचा भाडेकरार, मग यंत्रसामग्री, मग नोकरभरती आणि शेवटी व्हिसाचा अर्ज, असा उलटा प्रवास अनेक जण करतात. अमेरिकेचा ई-२ हा गुंतवणूकदारांचा व्हिसा घ्या. तो फक्त ज्या देशांशी अमेरिकेचा तसा करार आहे त्यांच्याच नागरिकांना मिळतो, त्यामुळे पैसा कितीही असला तरी पारपत्र कोणत्या देशाचे आहे यावर पहिलाच निकाल लागतो. याच व्हिसासाठी गुंतवणुकीची रक्कम तिऱ्हाइताच्या ताब्यात ठेवून ‘व्हिसा मंजूर झाल्यावरच व्यवहार पूर्ण होईल’ अशी अट घालता येते, पण ती सोय विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. जिथे अशी तरतूद नसेल, तिथेही भाडेकरारात किंवा खरेदीकरारात व्हिसाची अट घालून पाहावी. विक्रेता नाही म्हणाला तर निदान जोखीम कोणाच्या माथी आहे ते स्पष्ट होते.

नियम बदलतात, आणि गुंतवणूकदार-व्हिसांचे नियम फारच वेगाने बदलतात. ब्रिटनने आपली गुंतवणूकदार श्रेणी फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि आयर्लंडने फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद केली. पोर्तुगालने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घरखरेदीच्या आधारावर निवास देणे थांबवले, तर स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये आपली गुंतवणूकदार-निवासाची योजनाच गुंडाळली. जपानमध्ये व्यवसाय-व्यवस्थापक व्हिसासाठी ५० लाख येनचे भांडवल वर्षानुवर्षे पुरत असे. ऑक्टोबर २०२५ पासून ती मर्यादा थेट ३ कोटी येनवर गेली. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी तिथे गेलेल्या परिचिताचा अनुभव प्रामाणिक असूनही निरुपयोगी ठरू शकतो. सरकारी संकेतस्थळावरील मजकूर कोणत्या तारखेचा आहे, ते अर्ज भरण्याच्या दिवशी पुन्हा पाहणे आवश्यक आहे.

स्थानिक माणसाच्या नावावर मालकी ठेवणे

या चुकीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती अनेकदा सल्लागारच सुचवतो आणि ‘इथे सगळे असेच करतात’ अशी पुस्तीही जोडतो.

थायलंडचा परकीय व्यवसायविषयक कायदा १९९९ सालचा आहे. कंपनीचे निम्मे किंवा त्याहून अधिक भाग परकीयांकडे असतील, तर ती कंपनी परकीय ठरते आणि कायद्याच्या याद्यांतील अनेक व्यवसाय तिला एक तर बंद असतात, किंवा परवान्याशिवाय करता येत नाहीत. यावर शोधलेली पळवाट म्हणजे ५१ टक्के भाग स्थानिक व्यक्तींच्या नावावर ठेवायचे, पैसा मात्र सगळा आपणच घालायचा आणि त्या व्यक्तींकडून कोऱ्या हस्तांतरपत्रांवर सह्या घेऊन ठेवायच्या. या प्रकाराला तिथे तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख ते दहा लाख बाथपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि ती नाव देणाऱ्या स्थानिकालाही लागू होते. माझ्या मते शिक्षेपेक्षाही मोठा धोका वेगळाच आहे. भागीदाराने उद्या कंपनीवर खरोखरच हक्क सांगितला, तर तुमच्या कपाटातला तो खाजगी करार न्यायालयात दाखवायचा म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा स्वतःच हजर करायचा. कागद आहे, पण तो काढता येत नाही.

कायदेशीर वाट बहुधा असते, फक्त ती लांबची असते. थायलंडमध्येच गुंतवणूक मंडळाची मान्यता मिळालेल्या अनेक प्रकल्पांना पूर्ण परकीय मालकी चालते, आणि अमेरिकी नागरिकांना १९६६ च्या मैत्री-कराराचा आधार आहे. संयुक्त अरब अमिरातीत मुक्त क्षेत्राबाहेरील (परकीयांना खास सवलती असलेल्या वसाहतींबाहेरील) कंपनीत ५१ टक्के वाटा स्थानिक भागीदाराचा असावा हा नियम होता. जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत ती अट उरलेली नाही. तरीही जुन्या माहितीवर विसंबून अनावश्यक भागीदार घेणारे आहेत, आणि आधी घेतलेल्या भागीदाराला वर्षाकाठी शुल्क मोजत राहणारेही आहेत.

सिंगापूरमध्ये मालकी शंभर टक्के परकीय चालते, पण निदान एक संचालक तिथला रहिवासी असावा लागतो आणि सहा महिन्यांच्या आत कंपनी सचिव नेमावा लागतो. तिथे शुल्क देऊन रहिवासी संचालक नेमण्याची पद्धत उघडपणे रूढ आहे आणि ती वर सांगितलेल्या प्रकारासारखी बेकायदा नाही. मात्र हा माणूस कायद्याने पूर्ण संचालकच असतो, म्हणून त्याला बँक खात्यावर सहीचे अधिकार देताना विचार करावा.

आधीच दुसऱ्याच्या नावावर मालकी ठेवून बसला असाल, तर नवा गुप्त करार करून जुन्याला ठिगळ लावू नये. त्या देशातील स्वतंत्र वकील गाठावा, म्हणजे ज्याने ही रचना सुचवली त्याच्या कार्यालयातला नव्हे, आणि परवाना, मान्यता, पुनर्रचना किंवा विक्री यांपैकी काय शक्य आहे ते लेखी घ्यावे.

जमिनीच्या बाबतीत हाच मोह अधिक तीव्र असतो. फिलिपिन्समध्ये परकीय व्यक्तीला जमिनीची मालकी घेता येत नाही. मेक्सिकोत समुद्रकिनाऱ्यापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात घर घेण्यासाठी बँकेच्या विश्वस्त रचनेतून जावे लागते आणि तिची मुदत ५० वर्षांची, नूतनीकरण होऊ शकणारी असते. जिथे मालकी नाही तिथे दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा घ्यावा.

कर: ‘१८३ दिवस’ आणि इतर गैरसमज

वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी राहिलो तर कर नाही, हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की ते जगन्मान्य तत्त्व वाटावे. प्रत्यक्षात ते अर्धवट आहे. अमेरिका चालू वर्षाचे पूर्ण दिवस, मागील वर्षाचे एक तृतीयांश आणि त्यामागील वर्षाचे एक षष्ठांश दिवस धरून बेरीज करते. सलग तीन वर्षे दरवर्षी १२२ दिवस राहिलेल्याची बेरीज बरोबर १८३ भरते आणि तो सर्वसाधारणपणे करनिवासी, म्हणजे करासाठी त्या देशाचा रहिवासी, ठरण्याच्या रेषेवर येतो. ब्रिटनच्या कसोटीत घर, कुटुंब, काम असे पुरेसे धागे जुळले, तर पूर्वी तिथे करनिवासी असलेली व्यक्ती वर्षात अवघे १६ दिवस राहूनही पुन्हा करनिवासी होऊ शकते.

दुसरा गैरसमज कंपनीच्या निवासाचा. कंपनी एस्टोनियात नोंदली आणि तिथे न वाटलेल्या नफ्यावर कर नाही, म्हणून करच नाही, असा हिशेब केला जातो. पण कंपनीचे सगळे निर्णय मालक मायदेशी आपल्या टेबलावर बसून घेत असेल, तर प्रभावी व्यवस्थापन इथूनच होते असे म्हणून मायदेशाचे करखाते त्या कंपनीला आपल्याकडची ठरवू शकते. ई-रेसिडेन्सीने ना करनिवास मिळतो, ना व्हिसा. नावामुळे होणारा हा घोटाळा खरे तर योजनेच्या पहिल्याच पानावर दूर केलेला असतो, पण ते पान वाचायला वेळ कोणाला असतो!

तिसरा गैरसमज असा, की कर शून्य असेल तर विवरणपत्रही नको. एकट्या परकीय मालकाच्या अमेरिकी एलएलसीने मालकाकडून भांडवल घेतले किंवा त्याला पैसे दिले, तरी फॉर्म ५४७२ द्वारे ते कळवावे लागते, आणि न कळवल्यास दंड २५,००० डॉलरपासून सुरू होतो. कंपनीने वर्षभरात काहीच कमावले नसले तरी ही जबाबदारी सुटत नाही. अमिरातीत ३,७५,००० दिरहॅमपर्यंतच्या करपात्र नफ्यावर कंपनी कराचा दर शून्य आहे आणि त्यापुढे ९ टक्के. तथापि नफा त्या मर्यादेच्या आत असला तरी कंपनीला नोंदणी करावी लागते, आणि उशीर झाल्यास १०,००० दिरहॅमचा दंड ठेवलेला आहे. अशी विवरणपत्रे राहून गेली असतील, तर करखात्याची नोटीस येण्यापूर्वी स्वतःहून भरणे बहुतेक देशांत हिताचे ठरते, कारण दंडमाफीचा विचार करताना अर्ज आधी आला की नोटीस, हे पाहिले जाते.

व्यवसाय न काढता केवळ परदेशी समभाग घेणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकी कंपन्यांच्या लाभांशावर अनिवासी परकीयाचा ३० टक्के कर कापला जातो. दोन देशांतील करकरारानुसार मिळणारा कमी दर हवा असेल तर दलालाकडे डब्ल्यू-८बेन हा फॉर्म द्यावा लागतो. आणि मृत्यूच्या वेळी नावावर असलेल्या अमेरिकी मालमत्तेपैकी, करारात वेगळी तरतूद नसल्यास, केवळ ६०,००० डॉलरपर्यंतची रक्कम वारसाकरातून सुटते. त्यावरील दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. अमेरिकी कंपन्यांचे समभाग इतर देशातील दलालामार्फत घेतले, तरी ते अमेरिकी मालमत्ताच समजले जातात.

पैसा आत जातो, बाहेर येत नाही

भांडवल कोणत्या वाटेने आत नेले, यावर ते बाहेर आणता येईल की नाही हे बरेचसे ठरते. व्हिएतनाममध्ये परकीय गुंतवणुकीचे भांडवल त्यासाठी उघडलेल्या स्वतंत्र खात्यातून यावे लागते. थायलंडमध्ये परकीयाच्या नावावर सदनिका नोंदवताना रक्कम परकीय चलनात बाहेरून आल्याचा बँकेचा दाखला लागतो. घाईत हीच रक्कम मित्राच्या खात्यातून किंवा रोखीने पोचवली, तर नोंदणीच अडते, आणि विक्रीनंतर पैसे मायदेशी पाठवताना पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. मालकाने घातलेली रक्कम भागभांडवल आहे की कर्ज, हे पहिल्याच दिवशी ठरावासह लिहून ठेवावे. कर्जाची परतफेड आणि लाभांश यांच्यावरील कर भिन्न असतात, आणि मागाहून तयार केलेला कागद तपासनीसाच्या नजरेतून सुटत नाही.

बँक खाते हा अनेकांचा अडथळा असतो. निबंधक दोन दिवसांत दाखला देतो आणि बँक दोन महिने प्रश्न विचारते, कारण खरा लाभार्थी मालक कोण आणि पैसा कुठून आला हे तपासण्याची कायदेशीर जबाबदारी तिच्यावर असते. नकार आल्यावर कंपनीची वसुली स्वतःच्या वैयक्तिक खात्यात घेणे हा सर्वांत वाईट उपाय होय. त्याऐवजी मायदेशातील कराची विवरणपत्रे, मालमत्ता विकली असल्यास तिचा करार आणि अपेक्षित ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार, यांचा व्यवस्थित संच करून दुसऱ्या बँकेकडे जावे. हे कागद अपोस्टील (परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणून सरकारी प्रमाणीकरण) करून आणि अधिकृत अनुवादासह नेले तर बरीच ये-जा वाचते.

चलनाचा धोका थोडक्यात सांगता येईल: ज्या चलनात उत्पन्न, त्याच चलनात कर्ज. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँक ही किमान मर्यादा काढून घेतली आणि स्वस्त व्याजापायी फ्रँकमध्ये घरकर्ज घेतलेल्या पोलंडमधील कुटुंबांचे कर्ज एका दिवसात फुगले. मार्च २०२४ मध्ये इजिप्तचा पाउंड डॉलरमागे सुमारे ३१ वरून ५० च्या आसपास घसरला, तेव्हा तिथे पाउंडात कमावणाऱ्या परकीय मालकांच्या नफ्याची डॉलरमधील किंमत तितक्याच वेगाने खाली आली.

करार, भाषा आणि कंपनी बंद करणे

करार दोन भाषांत असेल तर मतभेदाच्या वेळी कोणती प्रत ग्राह्य, हे त्यातच लिहिलेले असावे. इंडोनेशियात २००९ च्या कायद्याने स्थानिक पक्षाशी होणाऱ्या करारांत इंडोनेशियन भाषा आवश्यक केली आहे, आणि केवळ इंग्रजीत असल्यामुळे एक कर्जकरार तिथल्या न्यायालयांनी रद्द ठरवला आहे. वादाचा निवाडा कुठे होणार, हेही आधीच ठरवावे. आपल्या देशातील न्यायालयाचा निकाल परदेशात आपोआप अंमलात येत नाही, मात्र लवादाचा निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे बहुसंख्य देशांत अंमलात आणता येतो.

आणि व्यवसाय चालला नाही, तर कंपनी रीतसर बंद करावी. विमानात बसून निघून गेल्याने ती बंद होत नाही. विवरणपत्रांचे दंड साचत जातात आणि काही देशांत पुढच्या व्हिसाच्या वेळी ते समोर येतात. ब्रिटनमध्ये वार्षिक कागद न भरणारी कंपनी निबंधक स्वतःहूनच पटावरून काढून टाकू शकतो. त्या दिवशी तिच्या बँक खात्यात जी शिल्लक असेल, ती मालकाकडे न जाता राजसत्तेकडे जमा होते, आणि ती परत मिळवायची तर आधी कंपनी पुन्हा पटावर आणण्याचा अर्ज करावा लागतो.